एमजीबी रोडस्टर: पायाशी भट्टी पेटल्यासारखी उष्णता, काय काय करता येईल?

दोन_कार्ब

१९७२ ची एमजीबी रोडस्टर (एमजी कंपनीची कापडी छपराची ब्रिटिश स्पोर्ट्स कार), उजव्या हाताचं स्टिअरिंग, १७९८ सीसी इंजिन, मूळचे जुळे एसयू कंपनीचे कार्ब्युरेटर, एक्झॉस्टचा ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड (इंजिनचा धूर गोळा करून पाइपात सोडणारा भाग). अर्धा तास चालवली की पाय ठेववत नाहीत. पाण्याचा काटा मात्र मध्यावरून हलत नाही.

बाहेर ३२ अंश असताना इन्फ्रारेड थर्मामीटरने घेतलेली मापं: डावीकडच्या सीटपुढचा फ्लोअर ६४, टनेलची (गिअरबॉक्सवरच्या मधल्या उंचवट्याची) डावी बाजू ५८, उजवी ४६, हीटरची नॉब पूर्ण बंद असताना हीटर-बॉक्सच्या खालची झडप ५७.

फ्लोअरवर फक्त पातळ गालिचा आहे. सगळीकडे ॲल्युमिनियमचं अस्तर असलेली ब्यूटाइल शीट चिकटवायचा विचार आहे. २ मिमी घ्यावी की ४ मिमी? एक थर पुरेल का?

दहाचा_पाना

शीट मागवायची घाई करू नका. ब्यूटाइल शीट पत्र्याचा आवाज मारण्यासाठी असते. पत्रा थरथरतो ती ऊर्जा ती शोषते, उष्णता फारशी अडवत नाही. ६ मिमी बंद पेशींचा फोम २ मिमी ब्यूटाइलच्या किमान दहा पट उष्णतारोध देतो. वरची चांदी दोन थरांमध्ये दाबली गेली की तिचाही उपयोग संपतो, कारण चकचकीत पृष्ठभाग उष्णता परतवतो तो समोर मोकळी हवा असेल तरच.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमची मापंच सांगतायत की उष्णता एका वाटेने येत नाहीये. झडपेपाशी ५७ म्हणजे हीटरमध्ये गरम पाणी फिरतंय. डावी बाजू उजवीपेक्षा तापलीय, कारण या गाडीत मॅनिफोल्ड आणि एक्झॉस्टचा पाइप डाव्या बाजूने जातो. फटीतून येणारी गरम हवा तर थर्मामीटरला दिसतच नाही, तो फक्त पृष्ठभाग मोजतो. या तीन वाटा तशाच ठेवून वर फोम घातलात तर फ्लोअर हाताला गार लागेल आणि पाय तसेच भाजत राहतील.

आधी एक सोपी पारख. गाडी उभी राहिल्यावर जास्त उकडतं की वेगात असताना? उभ्या गाडीत वाढत असेल तर पत्र्यातून आणि एक्झॉस्टच्या उष्णतेच्या किरणांतून येतेय. वेग वाढवल्यावर वाढत असेल तर फटी आहेत. चालत्या गाडीत बॉनेटखाली हवेचा दाब वाढतो आणि हूड (कापडी छप्पर) उघडा असलेल्या रोडस्टरच्या केबिनमध्ये तो कमी होतो. मग फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) प्रत्येक भोकातून इंजिनजवळची हवा आत ओढली जाते.

आणि थर्मामीटर चकचकीत धातूवर मारू नका, आकडा खूप कमी येतो. मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा.

रेडिएटर_कॅप

दहाचा_पाना यांच्याशी सहमत. हीटरपासून सुरुवात करा, त्याला सामान जवळजवळ काहीच लागत नाही.

हीटरचा व्हॉल्व्ह सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला, उजव्या बाजूला आहे. केबल सोडा आणि हाताने त्याचा दांडा बंदच्या दिशेला शेवटपर्यंत न्या. इंजिन पूर्ण तापू द्या, मग व्हॉल्व्हच्या पुढे हीटरकडे जाणाऱ्या होजवर टेप लावून मोजा. होज गार राहिला तर व्हॉल्व्ह ठीक आहे, केबलची लांबी चुकली आहे. केबलचं बाहेरचं आवरण क्लिपमध्ये थोडं सरकवा. डॅशबोर्डवरची नॉब आपल्या टोकाला टेकायच्या जरा आधी व्हॉल्व्हचा दांडा त्याच्या टोकाला टेकला पाहिजे. नॉब आधी टेकली की व्हॉल्व्ह कायम किंचित उघडा राहतो, आणि हीटरच्या छोट्या रेडिएटरला तापायला तेवढी धार पुरते.

हाताने बंद करूनही होज गरम झाला तर व्हॉल्व्हच्या आतली बैठक झिजली. नवा व्हॉल्व्ह बसवताना हेडवरचा जुना गॅस्केट पूर्ण खरवडून काढा. स्टडला गंज असेल तर आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. हेडमध्ये तुटलेला स्टड काढणं हे फार मोठं काम होऊन बसतं. नवे व्हॉल्व्हही कधी कधी काही महिन्यांत पाझरू लागतात, म्हणून त्याच होजमध्ये १३ मिमीचा पितळी बॉल व्हॉल्व्ह टाकणं उत्तम. उन्हाळ्यात बंद, थंडीत उघडा. इंजिन गार असताना, कॅप काढून, पाणी थोडं खाली उतरवूनच होज कापा. चिमट्याने होज दाबून ठेवायची सवय मात्र नको, जुनं रबर आतून चिरतं.

एमजीबीत मूळ व्हॉल्व्हच पाणी पूर्ण थांबवतो, त्यामुळे बॉल व्हॉल्व्हने इंजिनचं काही बिघडत नाही. हीच युक्ती दुसऱ्या गाडीत जशीच्या तशी वापरू नये. काही इंजिनांत हीटरमधून पाणी कायम वाहतं आणि गरमपणा फक्त हवेच्या झडपेने कमी-जास्त होतो. तिथे हीटरची वाट बंद केली की हेडच्या मागच्या भागातलं पाणी फिरायचं थांबू शकतं. अशा ठिकाणी चार तोंडांचा बायपास व्हॉल्व्ह घालावा, म्हणजे पाणी हीटरला वळसा घालून परत जातं.

गिअर_लिव्हर

फटी कशा शोधायच्या ते लिहितो.

अंधारात गालिचे काढा, पायाशी चांगला प्रखर टॉर्च ठेवा आणि बॉनेट उघडून बघा. जिथून उजेड दिसेल तिथून हवा येते. मग दुसऱ्याला आत बसवून टॉर्च गाडीखाली धरा, म्हणजे टनेलच्या फटी दिसतात. वाकड्या वाटेच्या फटी उजेडात सापडत नाहीत. त्यासाठी टिश्यू पेपरच्या बोटभर पट्ट्या प्रत्येक संशयित जागी एका टोकाने चिकटवा आणि गाडी चालवताना शेजारच्याने त्यांच्यावर नजर ठेवावी. धुराने फटी शोधू नका, वरच पेट्रोलचे कार्ब आहेत.

या गाडीत बघायच्या जागा: पेडल-बॉक्स जिथे फायरवॉलवर बसतो तिथलं पॅकिंग, स्टिअरिंग कॉलमचं भोक, वायरिंगचा जुडगा, चोक आणि स्पीडोमीटरच्या केबलींचे ग्रोमेट (भोकात बसणाऱ्या रबरी रिंगा), आणि काढून टाकलेल्या एखाद्या जुन्या उपकरणाची रिकामी भोकं. गिअर लिव्हरच्या दिसणाऱ्या कव्हरखाली आणखी एक रबरी बूट असतो. तो फाटला की गिअरबॉक्सभोवतीची सगळी हवा थेट मांडीवर येते. लेदरचं कव्हर शिवून काही होत नाही, हवा खालचा बूटच अडवतो. त्याच्या कडेची रिंग सपाट बसते का तेही बघा, एक स्क्रू कमी असला तरी फट राहते.

हीटर-बॉक्स या गाडीत इंजिनच्या बाजूला, फायरवॉलच्या कट्ट्यावर बसतो. त्याच्या तळाचा फोम पन्नास वर्षांत पावडर होऊन गेलेला असतो. मग बाहेरची ताजी हवा म्हणून जी येते त्यात बॉनेटखालची हवा मिसळते. बॉक्स काढायला वेळ लागतो, पण तो काढाल तेव्हा ६ मिमीचा बंद पेशींचा नवा फोम सगळ्या तोंडांना लावा.

काय भरायचं: गोल भोकांना नवे रबरी ग्रोमेट, जोडांना फोमची पट्टी, वेड्यावाकड्या फटींना न्यूट्रल-क्युअर हाय-टेम्परेचर सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घेऊ नका, ते पत्र्याला गंज चढवतं. फुगणारा पीयू फोम तर अजिबात नको. तो पेट घेतो आणि पाणीही धरून ठेवतो.

मागचा_बंपर

एक उपाय सुचवतो. बॉनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली १० मिमीचे वॉशर टाकून मागची कड उचलायची. इंजिनची गरम हवा तिथून वर निघून जाते. बऱ्याच गाड्यांवर बघितलं आहे.

दहाचा_पाना

मागचा_बंपर, हा उपाय दिसायला तर्कशुद्ध आहे, पण या गाडीत उलटा पडतो. वेगात असताना विंडस्क्रीनच्या पायथ्याशी हवा अडून तिचा दाब वाढतो. म्हणून तर गाडी बनवणारे केबिनच्या ताज्या हवेची जाळी तिथेच ठेवतात. कड उचलल्यावर चालत्या गाडीत गरम हवा तिथून नीट बाहेर पडत नाही, आणि जी पडते ती लगेच मागच्या जाळीत शिरते. एमजीबीत ती जाळी बॉनेटच्या अगदी मागे आहे. गाडी उभी असताना मात्र गरम हवा वर जाते आणि थोडा फरक जाणवतो. त्यामुळे उपाय लागू पडल्यासारखा वाटतो.

बॉनेटच्या मागच्या कडेचं रबर तुटलं असेल तर तेच नवं लावा. हवा बाहेर काढायची असेल तर लूव्हर (हवेच्या चिरा) बॉनेटच्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या मागे हवेत. तिथे वेगात दाब कमी असतो. आणि रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमने बंद करा, म्हणजे हवा रेडिएटरला वळसा न घालता त्यातून जाईल.

मागचा_बंपर

समजलं. जाळी इतकी जवळ असेल तर नकोच.

टायमिंग_लाइट

एक कारण अजून कोणी काढलं नाही. पाण्याचा काटा ठीक आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं नाही. ठिणगी उशिरा पडत असेल तर पेट्रोलचं जळणं सिलिंडरमध्ये पुरं होत नाही आणि ती उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते. पाण्याचा काटा हलत नाही, मॅनिफोल्ड मात्र प्रमाणाबाहेर तापतो. मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) असलं तरी असंच होतं.

उष्णतेचे किरण तापमानाच्या (केल्विनमध्ये मोजलेल्या) चौथ्या घाताने वाढतात. पाइपची पृष्ठभागाची उष्णता २०० वरून ३०० अंशांवर गेली तर फ्लोअरकडे जाणारे किरण दुपटीहून जास्त होतात. म्हणून एक्झॉस्ट थोडा जरी गार चालला तरी खाली बराच फरक पडतो.

नेहमी सापडणारा बिघाड म्हणजे व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा (इंजिनच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेचा) फाटलेला डायफ्राम. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा, व्हॅक्यूमची नळी कार्बच्या बाजूने सोडा आणि तोंडाने ओढा. आतली प्लेट फिरली पाहिजे आणि जिभेने नळी बंद धरली तर तशीच राहिली पाहिजे. फिरून परत आली तर डायफ्राम गळतोय, फिरलीच नाही तर तो फाटलाय किंवा प्लेट अडकली आहे. एकसारख्या वेगात चालताना व्हॅक्यूममुळे साधारण १० ते २० अंशांचा ॲडव्हान्स मिळतो. तो गेला तर लांबच्या रस्त्यावर गाडी पूर्ण वेळ उशिराच्या ठिणगीवर चालते. टायमिंग लाइटने आयडलिंगवर तपासून थांबू नका. व्हॅक्यूम काढून ३००० आरपीएमलाही बघा आणि वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवा. आतल्या वजनांच्या स्प्रिंग गंजून अडकल्या असतील तर तिथे कळतं.

सहा_सिलिंडर

इतर गाड्यांवाल्यांसाठी थोडक्यात. ट्रायम्फच्या टीआर६, स्पिटफायर, जीटी६ यांत गिअरबॉक्सवरचा टनेल वेगळा काढता येतो. एमजीबीत तो वेल्ड केलेला आहे. काढता येणाऱ्या कव्हरची कड हीच सगळ्यात मोठी फट. जुनं दाबलेल्या पुठ्ठ्याचं कव्हर ओलसर होऊन वाकलेलं असेल तर कितीही स्क्रू आवळा, ते बसत नाही. फायबरग्लासचं घाला. कडेला १० मिमी जाडीची फोमपट्टी लावा आणि स्क्रूंखाली मोठे वॉशर टाका.

सीटच्या मागे हवेने गार होणारं इंजिन असेल, पोर्शे ९११ किंवा ९१४ सारखं, तर हीटर एक्झॉस्टभोवतीच्या हीट एक्स्चेंजरवर चालतो. तिथे झडपांच्या पेट्या बघा. केबल ताणली गेली किंवा झडपेची पिन गंजली की ती अर्धी उघडी राहते. आणि हीट एक्स्चेंजर गंजून भोक पडलं असेल तर एक्झॉस्टचा धूर सरळ केबिनमध्ये येतो.

दोन_कार्ब

सगळ्यांचे मनापासून आभार. तपासणीचा निकाल: केबल सैल होती, आवरण सरकवल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतोय आणि हीटरची झडप ५७ वरून ३९ वर आली. टिश्यूच्या पट्ट्या पेडल-बॉक्सच्या कडेला आणि गिअर लिव्हरपाशी जोरात हलतात. व्हॅक्यूमचा डायफ्राम फाटलेला आहे, नवा मागवला. डाव्या फ्लोअरचा आकडा मात्र ६० च्या खाली येत नाही. एक्झॉस्टला रॅप (उष्णतारोधक पट्टी) गुंडाळू का? मॅनिफोल्डपासून सुरुवात करू?

गॅस_वेल्डर

मॅनिफोल्डला रॅप नको. ओतीव लोखंडाची उष्णता बाहेर पडेनाशी झाली की ते जास्त तापतं, कुठे जास्त कुठे कमी, आणि चिरतं. मॅनिफोल्ड कधी उतरवलाच तर आतून-बाहेरून सिरॅमिक कोटिंग करून घ्या. ते ओलावा धरत नाही.

खालच्या पाइपला रॅप चालतो, पण साध्या लोखंडाच्या पाइपवर तो ओलावा धरून ठेवतो आणि पाइप लवकर गंजतो. स्टेनलेसचा पाइप असेल तरच करा. ५० मिमी रुंदीची पट्टी १२ मिमी एकावर एक चढवत गुंडाळली तर ४५ मिमी व्यासाच्या पाइपला मीटरमागे सुमारे ४ मीटर पट्टी लागते. काचेच्या धाग्याची असेल तर पाण्यात भिजवून ओढत गुंडाळा आणि स्टेनलेसच्या पट्ट्यांनी बांधा. हातमोजे आणि मास्क हवाच. पहिल्या एक-दोन वेळा धूर निघतो, तो निघू द्या. टॅपेट कव्हरमधून किंवा साइड कव्हरमधून तेल टपकत असेल तर ते आधी बंद करा. तेल प्यायलेला रॅप पेट घेऊ शकतो.

तुमच्या बाबतीत रॅपपेक्षा शील्ड बरं. पाइप आणि फ्लोअर यांच्यामध्ये, दोघांनाही न टेकता, एक चकचकीत पत्रा. तो खालून येणारे किरण परत पाठवतो आणि वरची हवेची पोकळी बाकीचं काम करते.

०.८ ते १ मिमी ॲल्युमिनियम घ्या. मॅनिफोल्डच्या अगदी जवळचा तुकडा स्टेनलेसचा करा. रुंदी पाइपच्या तिप्पट तरी हवी, म्हणजे १५० मिमी. लांबी फ्लोअर तापतोय तिथपर्यंत. दोन्ही लांब कडा १० मिमी वाकवा, नाहीतर पत्रा खडखडतो. फ्लोअरपासून १२ मिमीचे स्टेनलेस स्पेसर, पाइपपासून कमीत कमी २० मिमी अंतर. ॲक्सिलरेटर जोरात दाबला की पाइप हलतो, हे धरून चाला. पुढचं आणि मागचं तोंड उघडं ठेवा, म्हणजे चालताना पोकळीतून हवा वाहील. पुढचा बोल्ट गोल भोकात, मागचे लांबट भोकात. एक मीटर ॲल्युमिनियम १०० अंशांनी तापलं की सव्वादोन मिमी वाढतं, सगळीकडे गच्च आवळलं तर ते फुगून पाइपला टेकतं.

फ्लोअरला भोक पाडण्याआधी आतून गालिचा आणि खालून ब्रेक व पेट्रोलच्या नळ्या कुठून जातात ते खडूने आखून घ्या. भोकाच्या कडेला प्रायमर मारूनच रिवनट (पत्र्यात पक्का बसणारा नट) बसवा. बोल्टना अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा.

पाना_आणि_प्रायमर

दोन सुरक्षिततेच्या गोष्टी, कृपया टाळू नका.

कार्ब आणि मॅनिफोल्डच्या मधल्या जुन्या शील्डवर किंवा फायरवॉलवर राखाडी पुठ्ठ्यासारखं पॅड असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्या काळच्या गाड्यांत ते सर्रास वापरत. खरवडू नका, घासू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. तपासून घ्या आणि निघालंच तर जाणकाराकडून काढून घ्या.

दुसरी, कार्बन मोनॉक्साइड. इंजिनची गरम हवा ज्या फटीतून येते तिथूनच गळक्या एक्झॉस्टचा धूर येतो, आणि त्यातल्या या वायूला वास नसतो. फटी बुजवायच्या आधी मॅनिफोल्डचा गॅस्केट आणि पाइपचा जोड तपासा. गार इंजिन चालू केल्याबरोबर टिक-टिक आवाज येऊन तापल्यावर थांबत असेल तर गॅस्केट गळतोय. काळी पावडर साचलेली जागा हीही खूण. हूड उघडा ठेवून चालवताना सायलेन्सरचा धूर मागून उलटा केबिनमध्ये ओढला जातो, म्हणून डिकीच्या झाकणाचं रबर आणि मागच्या दिव्यांखालची पॅकिंगही बघा. बॅटरीवर चालणारा मोनॉक्साइड अलार्म सीटच्या मागे, नाकाच्या उंचीजवळ बांधा. पायाशी किंवा ग्लव्हबॉक्समध्ये ठेवला तर वेळेवर वाजेलच असं नाही.

दोन_कार्ब

शील्डच करतो. मग फ्लोअरला आत काय घालावं? ब्यूटाइल पूर्ण रद्द?

दहाचा_पाना

पूर्ण रद्द नको, फक्त कमी वापरा. फ्लोअरच्या प्रत्येक सपाट भागाच्या मध्यावर, क्षेत्रफळाच्या पाव ते एक तृतीयांश भागात २ मिमीचे तुकडे चिकटवा. आवाजासाठी तेवढं पुरतं. डांबराचे स्वस्त पॅड घेऊ नका, ६० अंशांवर ते मऊ पडतात, वास मारतात आणि टनेलच्या उभ्या भागावरून घसरतात.

त्यावर ६ ते १० मिमीचा बंद पेशींचा फोम. नायट्राइल रबर किंवा ईपीडीएम चालेल, आग लागली तर स्वतःहून विझणारा बघून घ्या. जोड टेपने बंद करा. टनेलच्या बाजूंना १० मिमी, पण पेडलच्या मागे ६ च ठेवा. जाडी वाढली की क्लच पेडल पूर्ण खाली जात नाही आणि गिअर करकरतो. ॲक्सिलरेटरही पूर्ण दाबून कार्बचे दांडे पूर्ण उघडतात का ते दुसऱ्याला बॉनेटखाली बघायला सांगा.

तागाचा किंवा कापसाचा नमदा मूळ गाडीत होता म्हणून घालू नका. रोडस्टरमध्ये पाणी आत येतंच, नमदा ते आठवडेच्या आठवडे धरून ठेवतो आणि फ्लोअर खालून दिसायच्या आधी आतून सडतो. फोमही सगळा चिकटवू नका. फ्लोअरवर वेल्क्रोने, फक्त टनेल आणि फायरवॉलच्या उभ्या भागावर हाय-टेम्परेचर कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्हने. फ्लोअरची पाणी काढायची बुचं आणि वेल्डच्या शिवणी उघड्या राहतील असे तुकडे कापा. साधा ॲडहेसिव्ह ६०-७० अंशांना सुटतो, डब्यावरचा आकडा वाचून घ्या.

क्रम असा ठेवा: डायफ्राम आणि टायमिंग, मग एक्झॉस्टची गळती, मग फटी, मग शील्ड, शेवटी फोम. प्रत्येक टप्प्यानंतर त्याच रस्त्यावर, तेवढाच वेळ, बाहेरचं तापमान जवळपास तेच असताना, त्याच टेपच्या तुकड्यांवर मोजा. फोम घातल्यावर फ्लोअरवरची मापं पत्र्याची राहत नाहीत, म्हणून शील्डचा फरक त्याआधीच टिपून घ्या.

दोन_कार्ब

हीटर-बॉक्सचा फोम बदलायला बॉक्स काढावाच लागेल का? की कडेने सिलिकॉन मारून चालेल?

गिअर_लिव्हर

कडेने सिलिकॉन मारलं तर पुढच्या वेळी हीटरचा रेडिएटर गळला की बॉक्स निघता निघणार नाही, पत्रा वाकेल. काढा. त्याच वेळी ताज्या हवेच्या खोबणीतून पाणी खाली सोडणारी रबरी नळी साफ करून घ्या. ती चोंदली की पाणी हीटरमध्ये उतरतं, आणि निखळली असेल तर टनेलची गरम हवा उलटी वर चढते. नळीचं खालचं तोंड चपटं असेल तर ते तसंच राहू द्या, पाणी खाली जातं पण हवा वर येत नाही. कापून गोल करू नका.